पेपर अवघड गेला, मग मार्क कसे द्यायचे? बोर्डाच्या सायन्स पेपरमागचं गणित

बारावी फिजिक्सचा पेपर संपला की त्या संध्याकाळी इन्स्टावर दोन प्रकारच्या रील्स दिसतात. एकीत केंद्राबाहेर रडवेल्या चेहऱ्याची मुलं, आणि दुसरीत 'पेपर तर इझी होता' म्हणणारा एक जण. त्याच्या कमेंट बॉक्समध्ये मग सगळे मिळून त्याचा समाचार घेतात.

दोनतीन दिवसांनी मीम्स थांबतात आणि खरे प्रश्न सुरू होतात. पेपर सगळ्यांनाच अवघड गेला असेल तर बोर्ड मार्क वाढवून देतं का? मागच्या वर्षीच्या सोप्या पेपरवाल्यांचे जास्त आणि आमचे कमी, हा अन्याय नाही का? सीबीएसईवाल्यांना म्हणे 'मॉडरेशन' मिळतं, मग आम्हाला का नाही?

हे प्रश्न रडगाणं म्हणून उडवून लावण्यासारखे नाहीत. दहावीच्या गुणांवर अकरावीचं कॉलेज ठरतं. बारावीच्या गुणांवर इंजिनिअरिंग आणि मेडिकलची पात्रता ठरते. त्यामुळे पेपर अवघड निघाला तर मार्क कसे द्यायचे, ते न्याय्य कधी आणि अन्यायकारक कधी, हे नीट समजून घेऊया.

'अवघड' म्हणजे नेमकं काय?

आपण 'पेपर अवघड होता' असं म्हणतो, तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. आधी त्या वेगळ्या करू.

पहिली, प्रश्न बरोबर आहे, अभ्यासक्रमातला आहे, पण विचार करायला लावणारा आहे. पाठ केलेलं सूत्र थेट टाकून उत्तर येत नाही.

दुसरी, प्रश्नच चुकलेला आहे. पर्याय चुकीचे छापलेत, एखादी माहिती द्यायची राहिली आहे किंवा प्रश्नाची दोन उत्तरं निघू शकतात.

तिसरी, प्रश्न बरोबर आहे, पण तो काही मुलांनाच अवघड जातो. म्हणजे विज्ञान येतं, पण प्रश्नाची भाषा कळत नाही. किंवा प्रयोगावरचा प्रश्न आहे आणि शाळेत तो प्रयोग कधी झालेलाच नाही.

या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. सोशल मीडियावरच्या भांडणात मात्र तिन्हींसाठी एकच मागणी होते, 'ग्रेस मार्क द्या'. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

अवघड प्रश्न पेपरमध्ये मुळात असतात कशाला?

पेपर काढताना एक आराखडा असतो. कोणत्या धड्याला किती गुण, किती प्रश्न आठवणीवरचे, किती समजुतीवरचे आणि किती वापर करून दाखवण्याचे, हे त्यात ठरतं. सोपे, मध्यम आणि अवघड असं मिश्रण त्यात अपेक्षित असतं.

का? समजा, एखादा प्रश्न १०० पैकी ९८ मुलांना आला. तो प्रश्न हुशार आणि सर्वसाधारण विद्यार्थी यांच्यातला फरक दाखवू शकत नाही. उलट १०० पैकी दोघांनाच आला, तर उरलेल्या ९८ जणांबद्दल त्या प्रश्नातून काहीच कळत नाही. परीक्षाशास्त्रात प्रत्येक प्रश्नासाठी दोन आकडे काढता येतात. एक, किती टक्के मुलांनी तो बरोबर सोडवला. दुसरा, एकूण पेपरमध्ये चांगले गुण मिळवणाऱ्यांनी तो जास्त प्रमाणात सोडवला का.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. एखादा प्रश्न टॉपर मुलं चुकवत असतील आणि बाकीची बरोबर सोडवत असतील, तर बहुतेक वेळा मुलांमध्ये नाही, प्रश्नातच काहीतरी गडबड असते.

म्हणजे अवघड प्रश्न असणं हा दोष नाही. सगळाच पेपर अवघड असणं हा दोष आहे. कारण मग मधल्या आणि खालच्या फळीतली सगळी मुलं २५-३० गुणांच्या पट्ट्यात अडकतात. वर्षभर प्रामाणिकपणे अभ्यास केलेला आणि आदल्या रात्री पुस्तक उघडलेला, दोघं तिथे शेजारी शेजारी दिसू लागतात. आणि तिथे एकेक मार्क म्हणजे पास की नापास.

पेपर तपासताना काय होतं?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ नऊ विभागीय मंडळांमार्फत परीक्षा घेतं. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. दहावी आणि बारावीला मिळून दरवर्षी २५ लाखांहून जास्त विद्यार्थी बसतात. एवढे पेपर तपासायला हजारो शिक्षक लागतात आणि हजारो माणसांचे हात सारखे चालत नाहीत. कुणी सढळ हाताने मार्क देतं, कुणी अर्धा मार्कसुद्धा कापतं.

हा फरक कमी करण्यासाठी आदर्श उत्तरपत्रिका असते. कोणत्या मुद्द्याला किती गुण, हे तीत ठरलेलं असतं. परीक्षकाने तपासलेल्या पेपरपैकी काही पेपर नियामक पुन्हा पाहतात आणि त्यांच्यावर मुख्य नियामक असतात. उत्तरपत्रिकेवर बारकोड असल्यामुळे पेपर कोणाचा, हे तपासणाऱ्याला कळत नाही.

सायन्सच्या अवघड पेपरमध्ये इथेच एक महत्त्वाची गोष्ट घडते. ती म्हणजे स्टेप मार्किंग.

समजा, तीन गुणांचं गणित आहे. सूत्र लिहिलं, किमती घातल्या, पण आकडेमोडीत चूक झाली आणि शेवटचं उत्तर चुकलं. पायऱ्यांना गुण देणाऱ्या पद्धतीत तुमचे तिन्ही गुण जात नाहीत. पहिल्या पायऱ्यांचे मिळतात, शेवटचा जातो. 'अ' भागातलं चुकलेलं उत्तर 'ब' भागात वापरलं आणि पुढची रीत बरोबर असली, तर त्याच चुकीसाठी दुसऱ्यांदा गुण कापायचे नाहीत, हेही चांगल्या तपासणीचं तत्त्व मानलं जातं.

पेपर जितका अवघड, तितकं स्टेप मार्किंग मोलाचं. 'येत नाही म्हणून सोडून दिलं' आणि 'सूत्र तरी लिहिलं' यांच्यातला फरक आठ-दहा गुणांपर्यंत जाऊ शकतो. एमएचटी-सीईटीसारख्या पर्यायवाल्या परीक्षेत ही सोय नसते. तिथे उत्तर एक तर बरोबर, नाही तर चूक.

मॉडरेशन म्हणजे काय? ते फक्त सीबीएसईला मिळतं का?

मॉडरेशन म्हणजे पेपर तपासून झाल्यावर सगळ्यांच्या गुणांमध्ये ठरावीक पद्धतीने केलेला बदल. कारणं साधारणपणे अशी असतात: पेपर ठरवल्यापेक्षा अवघड निघाला, एखादा प्रश्न संदिग्ध होता, किंवा एकाच विषयाचे वेगवेगळे संच होते आणि त्यातला एक जास्त कठीण होता.

कल्पना चांगली आहे. अडचण अशी की किती गुण वाढवले आणि का, हे विद्यार्थ्याला कळत नाही. एकदा गुण वाढवायला सुरुवात झाली की बोर्डाबोर्डांत स्पर्धाही लागते. 'त्यांच्या मुलांना ९५, मग आमच्यांना का नको?'

२०१७ मध्ये हा वाद टोकाला गेला. त्या वर्षी एप्रिलमध्ये सीबीएसईसह ३२ बोर्डांनी अवघड पेपरसाठी मॉडरेशनचे गुण देणं बंद करायचं ठरवलं. पण तोपर्यंत मुलांची परीक्षा होऊन गेली होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २३ मे २०१७ रोजी न्यायालयाने सीबीएसईला त्या वर्षापुरतं मॉडरेशन सुरू ठेवायला सांगितलं. मुलं परीक्षेला बसल्यानंतर नियम बदलणं योग्य नाही, हा त्यामागचा मुख्य मुद्दा.

लक्षात घ्या, मॉडरेशन चांगलं की वाईट, यावरचा हा अंतिम शब्द नव्हता. न्यायालयाने वेळेचा मुद्दा धरला. गुणांमधल्या न्यायाचा हा पहिला नियम म्हणता येईल: गुण कसे मिळणार, हे परीक्षेआधी सगळ्यांना माहीत असायला हवं.

फूटपट्टी की रांग?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गुण मोजायचे दोन मार्ग आहेत.

एक फूटपट्टीचा. रेषा आधीच आखलेली असते. महाराष्ट्र बोर्डात ३५ ला पास, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. पेपर सोपा असो की अवघड, या रेषा हलत नाहीत.

दुसरा रांगेचा. तुम्हाला किती मिळाले यापेक्षा बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे उभे आहात, हे पाहायचं. पेपर अवघड असेल तर सगळ्यांचेच गुण खाली येतात, पण रांगेतली तुमची जागा फारशी बदलत नाही.

तुम्हाला वाटेल, आपल्याकडे तर फूटपट्टीच चालते. पण नीट पाहिलं तर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात.

सीबीएसईच्या गुणपत्रिकेत विषयाच्या गुणांपुढे ए१, ए२, बी१ अशा श्रेणी असतात. बऱ्याच जणांना वाटतं, ९१ च्या पुढे म्हणजे ए१. तसं नाही. त्या विषयात पास झालेल्या विद्यार्थ्यांची गुणांनुसार रांग लावायची आणि पहिल्या एक अष्टमांश मुलांना ए१, पुढच्या एक अष्टमांशांना ए२, अशी ती पद्धत आहे. म्हणजे फिजिक्स अवघड गेलं तर ए१ समजा ८४ पासूनही सुरू होऊ शकतं आणि सोपं गेलं तर ९५ ला सुद्धा ए१ हुकू शकतं. इथे पेपरच्या काठिण्याचा हिशोब आपोआप होतो. गंमत अशी की प्रवेशाच्या वेळी ही श्रेणी कुणी बघत नाही, बघतात ते गुणच.

दुसरं उदाहरण आयआयटी आणि एनआयटीचं. तिथे प्रवेशासाठी जेईईशिवाय बारावीची एक अट असते. खुल्या प्रवर्गासाठी ७५ टक्के, किंवा आपल्या बोर्डातल्या यशस्वी विद्यार्थ्यांमध्ये वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. तो 'किंवा' फार महत्त्वाचा आहे. बोर्डाचा पेपर अवघड निघाला आणि ७५ टक्के हुकले, तरी रांगेत वर असलेल्या मुलाला दुसरं दार उघडं राहतं.

मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीतही असंच आहे. तिथे आपल्या बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात असणं हा निकष आहे. त्यामुळे प्रत्येक बोर्डाचा कटऑफ वेगळा येतो.

आता याची तुलना राज्यातल्या पात्रतेशी करा. इंजिनिअरिंगसाठी बारावीत ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, एमबीबीएससाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के. आरक्षित प्रवर्गांसाठी दोन्हीकडे ४०. इथे 'किंवा' नाही. पेपर कसाही असो, रेषा तिथेच. नीटमध्ये चांगला स्कोअर आलेला एखादा विद्यार्थी बारावीच्या ४९ टक्क्यांमुळे अडकतो, तो या रेषेपाशी.

पर्सेंटाइलने सगळा प्रश्न सुटतो का?

एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. त्यामुळे तिथे थेट गुण न देता पर्सेंटाइल देतात. हिशोब सोपा आहे. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, त्याला सत्रातल्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं.

समजा, सकाळच्या सत्रात २०,००० मुलं होती आणि पेपर कठीण होता. तुम्हाला २०० पैकी १२० मिळाले. १२० किंवा त्याहून कमी मिळवणारे १८,००० निघाले. तुमचं पर्सेंटाइल ९०. दुपारच्या सत्रातही २०,००० मुलं, पण पेपर सोपा. तुमच्या मैत्रिणीला १४० मिळाले, पण तिथे १४० किंवा त्याहून कमी मिळवणारे १७,०००. तिचं पर्सेंटाइल ८५. गुण तिचे जास्त, पण जागा तुमची वरची.

अन्याय वाटतो? खरं तर उलट आहे. थेट गुण धरले असते तर तुम्हाला कठीण सत्र मिळाल्याची शिक्षा झाली असती.

पण यामागे एक गृहीतक आहे. प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कमी तयारीची मुलं साधारण सारख्याच प्रमाणात असतील, असं ही पद्धत धरून चालते. मुलं सत्रांमध्ये कोणताही क्रम न लावता वाटलेली असतील आणि संख्या मोठी असेल, तर हे बऱ्यापैकी खरं ठरतं. एखाद्या सत्रात मुलं कमी असतील किंवा चांगल्या तयारीची जास्त जमली असतील, तर हिशोब बिघडतो.

रांगेची दुसरी मर्यादा त्याहून मोठी आहे. रांगेत कुणीतरी मागे असतंच. एखाद्या वर्षी राज्यातल्या सगळ्या मुलांनी खरोखर जास्त चांगलं विज्ञान शिकलं, तरी पर्सेंटाइलमध्ये ते दिसणार नाही. 'या मुलाला ओहमचा नियम कळला आहे का?' या प्रश्नाचं उत्तर रांग देत नाही. त्यासाठी फूटपट्टीच लागते.

बाहेरच्या देशांत काय करतात?

इंग्लंडमध्ये जीसीएसईच्या परीक्षेत अमुक श्रेणीला किती गुण लागतील, हे पेपर तपासून झाल्यावर ठरतं. पेपर अवघड गेला तर सीमारेषा खाली येते. नुसती रांग नाही, तर त्या वर्षीच्या मुलांची आधीची कामगिरी आणि वरिष्ठ परीक्षकांचं मतही त्यात धरलं जातं. शिवाय या सीमारेषा जाहीर होतात.

२०१८ मध्ये तिथे कंबाइन्ड सायन्सची नवी परीक्षा पहिल्यांदा झाली. वरच्या पातळीच्या पेपरला बसलेली बरीच मुलं श्रेणीशिवायच राहतील, असं दिसलं. तेव्हा नियामक संस्था ऑफक्वालने बोर्डांना सर्वांत खालच्या श्रेणीची सीमा आणखी खाली आणू दिली. शाळांनी मुलांना चुकीच्या पातळीच्या पेपरला बसवलं, त्याचा पूर्ण फटका मुलांना बसू नये, असा त्यामागचा विचार होता.

स्कॉटलंडमध्ये २०१५ साली हायर मॅथ्सचा पेपर ठरवल्यापेक्षा कठीण निघाला. परीक्षा मंडळाने ते मान्य केलं आणि 'सी' श्रेणीची रेषा ३४ टक्क्यांवर आणली. विषय गणिताचा, पण धडा तोच. 'पेपर अवघड झाला' हे मंडळाने उघडपणे सांगितलं आणि किती फरक केला, तो आकडाही सांगितला.

प्रश्नच चुकीचा असेल तर?

इथे अवघड-सोपं हा मुद्दाच राहत नाही. तरी उपाय सरळ नसतो, हे आपल्याकडच्या तीन उदाहरणांतून दिसतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या पेपरमध्ये काही ठिकाणी प्रश्नाऐवजी परीक्षकांसाठीचा मजकूरच छापला गेला. मंडळाने नियमात बसणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचे ६ गुण दिले. पण त्या गोंधळात ज्याची दहा मिनिटं गेली आणि पुढचा निबंध अर्धवट राहिला, त्याची भरपाई या ६ गुणांत होत नाही.

२०२५ मध्ये एमएचटी-सीईटीच्या २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. एवढ्या प्रश्नांना सरसकट गुण देणं शक्यच नव्हतं. सीईटी सेलने ५ मे रोजी त्या सत्रातल्या मुलांची पुन्हा परीक्षा घेतली. उपाय बरोबर, पण ज्याला बाकीचा पेपर छान गेला होता, त्याला पुन्हा सगळं करावं लागलं.

तिसरं उदाहरण २०२४ च्या नीटमधलं. फिजिक्सचा अणूवरचा एक प्रश्न. जुन्या एनसीईआरटी पुस्तकाप्रमाणे एक उत्तर, नव्या पुस्तकाप्रमाणे दुसरं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही उत्तरांना गुण दिले. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं आणि त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं. दुसरं उत्तर लिहिलेल्या चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे चार गुण गेले आणि एक निगेटिव्ह, असे पाच गुण कमी झाले. त्या आधी ६१ वर असलेली पैकीच्या पैकी गुणवाल्यांची संख्या १७ वर आली.

विज्ञानाच्या दृष्टीने निकाल बरोबर होता. पण घरात मोठ्या भावाचं जुनं पुस्तक वापरून अभ्यास केलेल्या मुलीचा विचार करा. तिला विज्ञान येत नव्हतं असं नाही, तिच्याकडे नवी आवृत्ती नव्हती.

ज्यांच्यासाठी पेपर जास्तच अवघड असतो

हा मुद्दा आकड्यांमध्ये दिसत नाही, म्हणून वेगळा सांगायला हवा.

मराठी माध्यमातला विद्यार्थी दहावीपर्यंत 'त्वरण', 'अपवर्तन', 'संयुजा' शिकतो. अकरावी सायन्सला गेल्यावर तेच शब्द ॲक्सिलरेशन, रिफ्रॅक्शन आणि व्हॅलन्सी होऊन समोर येतात. दोन वर्षांत त्याला विषयही शिकायचा असतो आणि भाषाही. पेपरमध्ये प्रश्न चार ओळींचा आणि वळणावळणाचा असेल, तर त्याच्यासाठी तो पेपर फिजिक्सआधी इंग्रजीचा होतो.

रांग लावून हा फरक भरून निघत नाही, कारण रांगेत सगळे एकाच भाषेचे धरले जातात. ग्रेस मार्कानेही नाही, कारण ते सगळ्यांनाच मिळतात. यावर उपाय एकच, तो पेपर काढतानाच करायचा. विज्ञान हवं तेवढं अवघड ठेवा, वाक्य मात्र सोपं लिहा. प्रश्न कठीण असणं आणि प्रश्नाची भाषा कठीण असणं, यात फरक आहे.

वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एकत्र मोजले की काय होतं?

महाराष्ट्राने हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला आहे. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसईची मुलं एकाच यादीत येतात. वेगवेगळ्या पेपरांचे गुण, पण फूटपट्टी एक.

२००८ मध्ये सरकारने यावर पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते मुंबई उच्च न्यायालयात टिकलं नाही. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना देण्याचा निर्णय झाला, तोही टिकला नाही. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' आलं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयात ते टिकलं.

मग आलं २०१९. त्या वर्षी राज्य मंडळाने दहावीला भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेकडून मिळणारे २० गुण बंद केले. आधीच्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के झाला.

एका वर्षात राज्यातल्या मुलांची हुशारी १२ टक्क्यांनी घटली आणि पुढच्या वर्षी १८ टक्क्यांनी वाढली, असं कुणी म्हणणार नाही. प्रामुख्याने बदलली होती ती फूटपट्टी. पण २०१९ च्या मुलांच्या गुणपत्रिकेवर 'या वर्षी फूटपट्टी वेगळी होती' असं कुठे छापलेलं नाही. ती मुलं त्याच गुणांवर इतर बोर्डांच्या मुलांशी स्पर्धा करत अकरावीत गेली.

मग न्याय्य काय?

इथवर आलेल्या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पेपर अवघड असणं हा अन्याय नाही. पेपर सगळ्यांना सारखाच अवघड असेल आणि गुण त्याच मुलांमध्ये तुलनेसाठी वापरले जात असतील, तर कुणाचंच नुकसान होत नाही. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा वेगवेगळ्या पेपरांवर मिळवलेले गुण जणू एकाच पेपरचे आहेत असं समजून शेजारी ठेवले जातात. या वर्षीचे आणि मागच्या वर्षीचे, या बोर्डाचे आणि त्या बोर्डाचे, किंवा कुठलाही पेपर आणि न हलणारी ४५ किंवा ५० ची रेषा.

म्हणून मागणी करायचीच असेल, तर 'सरसकट ग्रेस द्या' यापेक्षा नेमकी करता येईल. प्रत्येक विषयाचे गुण कसे विखुरले गेले, हे जाहीर करा. प्रश्नपत्रिकेसोबत आदर्श उत्तरं आणि पायऱ्यांचे गुणही जाहीर करा. गुणांत बदल केला असेल तर किती आणि का, ते सांगा. आणि जिथे टक्क्यांची अट आहे, तिथे आयआयटीसारखा 'किंवा' ठेवा.

तुमचा पेपर अवघड गेला असेल तर आत्ता काय कराल?

एक, प्रश्नात चूक वाटली तर प्रश्नपत्रिका जपून ठेवा आणि लगेच विषय शिक्षकांना दाखवा. मंडळापर्यंत तक्रार शिक्षक आणि कॉलेजमार्फत लवकर पोहोचली, तर तपासणी सुरू होण्याआधी विचार होऊ शकतो. निकालानंतर उशीर झालेला असतो.

दोन, निकाल अपेक्षेपेक्षा फार कमी असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा विद्यार्थ्याचा माहिती अधिकार मानला आहे. राज्य मंडळात अलीकडच्या वर्षांत छायाप्रतीसाठी विषयाला ४०० रुपये, गुणपडताळणीसाठी ५० आणि पुनर्मूल्यांकनासाठी ३०० रुपये शुल्क आहे. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचं परिपत्रक पाहा.

तीन, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांत गोंधळ करू नका. पडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर पाहतात. पेपर पुन्हा तपासायचा असेल तर पुनर्मूल्यांकन लागतं. त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत अर्ज करावा लागतो.

चार, छायाप्रत आली की ती एकट्याने बघू नका, विषय शिक्षकांसोबत बसून पायरी पायरी बघा. सूत्र लिहूनही शून्य मिळालंय का, पुरवणी तपासली आहे का, हे आधी पाहा.

पाच, नापास झालात तर वर्ष गेलं असं समजू नका. निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा असते. दहावीला एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश घेता येतो. गुण कमी वाटत असतील तर श्रेणीसुधार परीक्षेचा मार्ग आहे.

आणि पुढच्या वेळी 'पेपर तर इझी होता' म्हणणारा रीलमध्ये दिसला, तर त्याच्याशी भांडत बसू नका. तेवढ्या वेळात प्रश्नपत्रिका काढा आणि कोणता प्रश्न नुसता अवघड होता आणि कोणता खरंच चुकलेला, ते शिक्षकांसोबत बघून घ्या. तक्रार दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाची करायची असते.